स्पर्धा आणि मार्गदर्शिका : नव्या रचनेच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

समुदायाच्या संचालन गटाने दोन कामे सोपवली आहेत. ऑनलाइन स्पर्धांची नियमावली नव्याने लिहायची आहे आणि नव्या खेळाडूंसाठी असलेल्या मार्गदर्शिकांची घडी बसवायची आहे. ही कामे दोन वेगळ्या चमूंना वाटून द्यावीत, असा बैठकीतला सूर होता. मी त्याला विरोध केला. आमचा खेळ दोघांमध्ये आळीपाळीने चाली करून खेळला जातो. प्रत्येकाने सहा पात्रांचा संघ आधी निवडायचा असतो, सामना बरोबरीत सुटत नाही आणि दर काही आठवड्यांनी येणाऱ्या पॅचमुळे, म्हणजे निर्मात्यांनी खेळात केलेल्या बदलांमुळे, पात्रांची ताकद कमीजास्त होते. अशा खेळात मार्गदर्शिकेतील सल्ल्याला पुरावा मिळतो तो स्पर्धेतल्या सामन्यांतून, कारण तेथे दोन्ही बाजू पूर्ण तयारीने उतरलेल्या असतात. आणि नव्या खेळाडूने पहिल्या स्पर्धेनंतर दुसऱ्या स्पर्धेतही नाव नोंदवावे असे वाटत असेल, तर त्याच्या हाती पडणारी मार्गदर्शिका विश्वासार्ह असावी लागते. दोन्ही कामे एकाच गोष्टीवर उभी आहेत, आणि ती म्हणजे सामन्याची नीट जपलेली नोंद. हे पटल्यामुळे चमू एकच राहिला.

आज जुन्या तक्रारी वाचून काढल्या. खेळातील कौशल्याबद्दल किंवा पात्रांच्या समतोलाबद्दल वाद फार थोडे आहेत. बहुतेक वाद न झालेल्या सामन्यांचे आहेत: कोण वेळेवर आले नाही, कोणाचे इंटरनेट तुटले, आणि विजय कोणाला द्यायचा. नियमात स्पष्ट तरतूद नसली की निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो. त्या क्षणी समोर दोन नावे असतात आणि त्यातले एक बहुधा ओळखीचे असते. त्यामुळे ॲडमिन प्रामाणिक असले तरी निर्णयावर संशय येतोच. म्हणून पहिले सूत्र ठरवले की प्रत्येक नियम प्रसंग घडण्यापूर्वी लिहिलेला असेल आणि त्याच्याखाली त्याचे कारण व तारीख असेल.

१७ जानेवारी

स्पर्धेचा आराखडा. आजवर सरळ बाद पद्धत चालत आली आहे. ६४ खेळाडूंना ती सहा फेऱ्या आणि ६३ सामन्यांत संपवते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र ६४ पैकी ३२ जण पहिल्याच फेरीनंतर घरी बसतात. ज्याने आठवडाभर संघ बांधण्यात घालवला, त्याला एकच लढत खेळायला मिळते, आणि त्यातून तो फारसे शिकू शकत नाही. दुहेरी बाद पद्धतीत प्रत्येकाला दुसरी संधी मिळते आणि सामने १२६ किंवा १२७ होतात. पण पराभूतांच्या गटातून वर येणाऱ्याला फार जास्त लढती खेळाव्या लागतात आणि आमच्या साप्ताहिक वेळापत्रकात ती स्पर्धा महिनोन्‌महिने रेंगाळते. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळण्याच्या साखळी पद्धतीत २,०१६ सामने होतील, म्हणून तिचा विचार लगेच सोडला.

उरते स्विस पद्धत. बुद्धिबळात ती १८९५ मध्ये झुरिच येथे प्रथम वापरली गेली आणि ई-स्पोर्ट्समध्येही ती आता रुळली आहे. २०१७ मध्ये अटलांटा येथे झालेल्या काउंटर-स्ट्राइक मेजरमध्ये १६ संघांसाठी ती वापरली गेली होती, आणि तीन विजय मिळवणारा संघ पुढे व तीन पराभव झालेला संघ बाहेर, असा नियम होता. लीग ऑफ लेजेंड्सच्या जागतिक स्पर्धेनेही २०२३ पासून ती स्वीकारली. प्रत्येक फेरीत समान गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, आणि आमच्या रचनेत या फेऱ्यांतून कोणीही बाद होत नाही. सहा फेऱ्यांत १९२ सामने होतात, म्हणजे प्रत्येकाला सहा. नवा खेळाडू दोन सामने हरला, तर तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर तितकेच हरलेला खेळाडू येतो आणि लढत बरोबरीच्या पातळीवर होते. मार्गदर्शिकांच्या दृष्टीनेही हे मोलाचे आहे, कारण सर्व पातळ्यांवरचे रिप्ले, म्हणजे पुन्हा पाहता येणाऱ्या सामन्यांच्या नोंदी, जमा होतात. बाद पद्धतीत शेवटच्या फेऱ्यांतले तेच ते आठ जण पुन्हा पुन्हा दिसतात.

२२ जानेवारी

स्विस फेऱ्यांनंतर आठ जणांची बाद फेरी घ्यायची, असा पहिला मसुदा होता. त्याचे गणित मांडून पाहिले. बरोबरी नाही आणि कोणी माघार घेतली नाही असे धरले, तर ६४ खेळाडूंच्या सहा फेऱ्यांनंतर सर्व सहा सामने जिंकलेला एक, पाच जिंकलेले सहा, चार जिंकलेले १५, तीन जिंकलेले २०, दोन जिंकलेले १५, एक जिंकलेले सहा आणि एकही न जिंकलेला एक, अशी विभागणी होते. पहिले सात जण निर्विवाद ठरतात. आठव्या जागेवर मात्र समान गुणांचे १५ जण दावा सांगतात.

बुद्धिबळात अशा वेळी टायब्रेक, म्हणजे समान गुणांच्या खेळाडूंचा क्रम ठरवणारा निकष, लावतात. ब्रुनो बुखोल्झ यांनी १९३२ मध्ये सुचवलेल्या पद्धतीत प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज केली जाते: ज्याचे प्रतिस्पर्धी पुढे चांगले खेळले, त्याची वाट अधिक कठीण होती असे मानले जाते. समोरासमोर बसून होणाऱ्या स्पर्धेत हा तर्क चालतो. ऑनलाइन स्पर्धेत खेळाडू निरोप न देता नाहीसे होतात. पहिल्या फेरीत तुम्ही हरवलेला खेळाडू नंतर खेळलाच नाही, तर त्याचे गुण शून्य राहतात आणि शिक्षा तुम्हाला होते. सर्वांत कमी गुणांचा एक प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करण्याची सुधारित पद्धत आहे, पण दोन प्रतिस्पर्धी नाहीसे झाले की तीही अपुरी पडते. सहा आठवडे खेळलेल्या माणसाला अनोळखी व्यक्तीच्या अनुपस्थितीमुळे वगळणे मला मान्य होत नाही.

म्हणून आठवी जागाच काढून टाकली. एक किंवा त्याहून कमी पराभव असलेले सर्व जण बाद फेरीत जातील आणि एकही पराभव नसलेल्या खेळाडूला उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळेल. १२८ खेळाडू आणि सात फेऱ्या असतील, तर हीच अट बरोबर आठ जणांना पुढे नेते. माघारींमुळे पात्र ठरणाऱ्यांची संख्या आठपेक्षा कमी झाली, तर रिकाम्या जागांच्या पुढे चाली कमी पराभव असलेल्यांना आधी मिळतील आणि समान असतील तर सोडतीने ठरतील. आठपेक्षा जास्त झाली, तर एक पराभव असलेल्यांपैकी काहींना सोडतीने एक जादा सामना खेळावा लागेल. जागा खेळून मिळेल, दुसऱ्याच्या बेरजेतून नाही.

२७ जानेवारी

एका सहकाऱ्यांनी महत्त्वाचा आक्षेप घेतला. पाचव्या फेरीनंतर अपराजित राहिलेले दोघे सहाव्या फेरीत एकमेकांशी खेळतील. निकाल काहीही लागला तरी दोघेही पात्र ठरणार आहेत, मग ते मनापासून का खेळतील? या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला दुहेरी बॅडमिंटनच्या गटसाखळीत पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून काही जोड्या मुद्दाम हरण्याचा प्रयत्न करू लागल्या. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि दुसऱ्या दिवशी चीनची एक, इंडोनेशियाची एक आणि दक्षिण कोरियाच्या दोन, अशा चार जोड्या अपात्र ठरवल्या गेल्या. खेळाडू दोषी होतेच, पण हरण्यात फायदा दिसेल अशी रचना आयोजकांनीच केली होती.

आमच्या रचनेत अपराजितांच्या त्या लढतीला पुढे चालीची किंमत आहे: जिंकणारा थेट उपांत्य फेरीत जातो, हरणाऱ्याला एक लढत जास्त खेळावी लागते. बाद फेरीची सोडतही स्विस फेऱ्या संपल्यानंतरच काढायची असे ठरवले, म्हणजे हरून अमुक प्रतिस्पर्धी टाळता येईल असा हिशेब आधी मांडता येणार नाही. आक्षेप घेणाऱ्या सहकाऱ्यांनी ही दुरुस्ती मान्य केली. त्यांचे म्हणणे आणि हे उत्तर दोन्ही नियमाखाली कारण म्हणून लिहिले.

३ फेब्रुवारी

सामन्याची वेळ ठरवण्याचे नियम. एका फेरीला एक आठवडा, सोमवार ते रविवार, आणि मुदत रविवारी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) २३:५९. बुधवार संपण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंनी सामन्याच्या चॅनेलवर, वेगवेगळ्या दिवशीच्या किमान तीन वेळा यूटीसीमध्ये लिहून द्यायच्या. खासगी संदेशात ठरलेली वेळ ग्राह्य धरली जाणार नाही. सामना झालाच नाही, तर ॲडमिन फक्त तो चॅनेल वाचतील. एकाने वेळा दिल्या आणि दुसऱ्याने दिल्या नाहीत, तर विजय पहिल्याला. दोघांनीही दिल्या नाहीत, तर दोघांचाही पराभव. दोघांनी दिल्या पण एकही वेळ जुळली नाही, तर दोघांनी दिलेल्या वेळांपैकी सर्वांत जवळच्या दोन वेळांच्या मधली वेळ ॲडमिन ठरवून देतील आणि ती दोघांवर बंधनकारक राहील. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटे वाट पाहायची. त्यानंतर हजर असलेल्या खेळाडूने पडद्याचे छायाचित्र टाकून विजय मागावा.

यूटीसीचा आग्रह काही जणांना जाचक वाटतो. पण स्थानिक वेळेत बोलणी झाली की घोटाळा ठरलेला असतो. नेपाळची वेळ यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे आहे, आणि असे हिशेब मध्यरात्री डोक्यात करायला कोणालाही लावू नये. वेळ यूटीसीमध्ये साठवायची आणि प्रत्येकाला त्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवायची, हे काम चॅनेलवरचा बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, करतो.

६ फेब्रुवारी

नियमावलीचा मसुदा जाहीर केला. पडताळणी स्पर्धा १७ तारखेपासून.

१२ फेब्रुवारी

जोडणी तुटण्याचा नियम सर्वांत अवघड ठरला. मुद्दाम जोडणी तोडली की आपोआप तुटली, हे बाहेरून सिद्ध करता येत नाही, म्हणून हेतू तपासण्याचा नाद सोडला. रिप्लेमधील स्थिती तेवढी पाहायची. तिसरी चाल पूर्ण होण्यापूर्वी जोडणी तुटली, तर त्याच संघांसह डाव पुन्हा सुरू होईल. त्यानंतर तुटली, तर सर्वसाधारणपणे जोडणी गमावणाऱ्याचा तो डाव गेला. अपवाद एवढाच की प्रतिस्पर्ध्याचा पराभव त्या क्षणी अटळ झालेला होता, असे दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. परीक्षकांना रिप्ले नावे झाकून दिला जातो आणि ते त्या स्पर्धेत खेळत नसावेत, अशी अट आहे. दोघांचे मत जुळले नाही, तर अपवाद लागू होत नाही. काही खेळाडूंना हे कठोर वाटेल. तरीही माझे मत असे आहे की, कठोर पण आधीपासून माहीत असलेला नियम खेळाडू सहन करतात. सौम्य पण माणसागणिक बदलणारा नियम समुदाय तोडतो.

२० फेब्रुवारी

आता मार्गदर्शिका. जुन्या मार्गदर्शिकांचे लेखन वाईट नाही. कित्येक फार मेहनतीने लिहिलेल्या आहेत. अडचण अशी की त्या कोणत्या पॅचच्या वेळी लिहिल्या हे कळत नाही आणि सल्ल्यामागचे कारण दिलेले नाही. "हे पात्र नेहमी पहिल्यांदा उतरवावे" असे वाक्य वाचणारा नवखा खेळाडू पॅच बदलल्यावरही तेच करत राहतो, कारण ते वाक्य कशाच्या आधारावर उभे होते हे त्याला माहीत नसते. त्याऐवजी "या पात्राचा वेग समोरच्या बहुतेक पात्रांपेक्षा जास्त असल्यामुळे पहिली चाल त्याला मिळते, म्हणून ते आधी उतरवावे" असे लिहिले असते, तर वेग घटवणारा पॅच आल्यावर तोच सल्ला आता लागू नाही हे वाचकाला स्वतःच समजले असते. चांगल्या मार्गदर्शिकेने वाचकाला लेखकाशिवाय पुढे जाता येईल इतके दिले पाहिजे.

नवा साचा त्यावरून बेतला. शीर्षकाखाली पॅच क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख. प्रत्येक शिफारशीसोबत तिचे कारण. प्रत्येक कारणासोबत किमान एक रिप्ले, शक्यतो स्पर्धेतला. आणि एक विभाग सक्तीचा: हा सल्ला कोठे चुकतो. या विभागाला लेखकांनी सुरुवातीला विरोध केला, कारण त्यामुळे मार्गदर्शिका डळमळीत वाटेल अशी त्यांना भीती होती. मला उलट वाटते. ज्या लेखकाला आपल्या सल्ल्याची मर्यादा सांगता येत नाही, त्याने तो सल्ला पुरेसा खेळून पाहिलेला नसतो.

प्रकाशनापूर्वी दोन तपासण्या होतील. खेळ जाणणारे दोन परीक्षक मजकूर बरोबर आहे का हे पाहतील; त्यानंतर एक नवखा खेळाडू तो वाचून त्यातला एक संघ प्रत्यक्ष चालवून पाहील आणि जेथे अडला त्या जागा खुणावेल. त्या खुणा दूर झाल्याशिवाय मार्गदर्शिका निघणार नाही.

२६ फेब्रुवारी

लेखकांनी विजयाची टक्केवारी देण्यास सुरुवात केली आहे. उत्साह स्वागतार्ह आहे, पण नियम घालावा लागला. एखाद्या पात्राने २० पैकी १२ सामने जिंकले तर ६० टक्के दिसतात; परंतु इतक्या थोड्या सामन्यांवरून खरे प्रमाण, ९५ टक्के विश्वास पातळी धरली तरी, साधारण ३९ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. २०० पैकी १२० जिंकले, तर तीच कक्षा सुमारे ५३ ते ६७ इतकी अरुंद होते आणि मग बोलण्यात अर्थ येतो. शिवाय दोन्ही संघांत तेच पात्र असेल, तर एक जिंकतो आणि एक हरतो, त्यामुळे लोकप्रिय पात्राची टक्केवारी ५० कडे ओढली जाते. असे सामने मोजणीतून वगळायचे. तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. काही पात्रे फक्त अनुभवी खेळाडूच घेतात आणि त्यांचे यश पात्राच्या नावावर जमा होते. म्हणून टक्केवारीसोबत सामन्यांची संख्या आणि खेळाडूंच्या मानांकनाची पातळी दिलीच पाहिजे. १०० पेक्षा कमी सामने असतील, तर टक्केवारी न देता फक्त रिप्ले जोडायचे.

१० मार्च

तिसरी फेरी काल संपली. काल ९ मार्चला अमेरिकेतील बहुतेक भागांत घड्याळे एक तास पुढे गेली. युरोपात तो बदल ३० मार्चला होणार आहे. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि पॅरिस यांच्यातले नेहमीचे सहा तासांचे अंतर पाच होते. दोन्ही तारखा रविवारच्या, म्हणजे आमच्या फेरीच्या शेवटच्या आणि सर्वाधिक गर्दीच्या दिवशी. वेळा यूटीसीमध्ये लिहिलेल्या असल्यामुळे काल एकही सामना यावरून अडला नाही. यूटीसीबद्दल कुरकुर करणाऱ्या एका खेळाडूंनी आज स्वतःहून नव्या सदस्यांना तो नियम समजावून सांगितला.

१७ मार्च

पुढील स्पर्धेत पहिल्या फेरीच्या जोड्या मानांकनावरून लावायच्या का, यावर चर्चा. खेळाडूची ताकद निकालांवरून आकड्यात मांडणारी अर्पाद एलो यांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात २०० गुणांनी वरचढ असलेल्याकडून सुमारे ७६ टक्के यशाची अपेक्षा असते. पण आमच्याकडे खेळाडू अनेक महिने गायब होऊन परततात आणि एलोचा जुना आकडा जणू कालचाच असल्यासारखा उभा राहतो. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीत आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही ठेवली जाते आणि खेळाडू जितका काळ दूर राहील तितकी ती वाढते. आम्ही ग्लिको घेतली. अनिश्चितता ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्यांना मानांकन मिळणार नाही. त्यांची जोडी सोडतीने लागेल.

३१ मार्च

स्विस फेऱ्या संपल्या. मधल्या माघारींमुळे गुणांची विभागणी कागदावरच्या गणिताशी तंतोतंत जुळली नाही, पण एकापेक्षा जास्त पराभव नसलेल्यांची यादी वादाशिवाय लागली आणि टायब्रेकचा प्रश्न आला नाही. अपराजितांची अखेरची लढत तिसऱ्या डावापर्यंत गेली. तिचा रिप्ले मार्गदर्शिकांच्या संग्रहात घेतला आहे. जोडणी तुटल्याच्या एका प्रकरणात परीक्षकांची मते जुळली नाहीत आणि नियमाप्रमाणे डाव गमावलेल्या खेळाडूंनी निर्णय स्वीकारला, जरी त्यांना तो पटलेला नव्हता. त्यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे: परीक्षकांना फक्त अखेरच्या चालीची स्थिती न दाखवता पूर्ण डाव दाखवावा. ही सूचना स्वीकारून नियम बदलला. बदल पुढील स्पर्धेपासून लागू होईल, चालू स्पर्धेला नाही.

२२ एप्रिल

अंतिम सामना रविवारी झाला आणि आज नवा पॅच आला. पॅचच्या यादीत ज्या पात्रांची नावे आहेत, त्यांच्या मार्गदर्शिकांवर "तपासणी बाकी" ही खूण बॉटने आपोआप लावली. कारणे लिहिलेली असल्यामुळे परीक्षकांचे काम बरेच हलके झाले: वेगावर आधारलेल्या शिफारशी वेगळ्या काढता आल्या आणि ज्यांचा बदलाशी संबंध नाही त्या तशाच ठेवता आल्या. एका मार्गदर्शिकेवर मात्र दोन परीक्षकांत मतभेद आहे. एकांच्या मते ते पात्र आता संघात घेण्याजोगे उरलेले नाही. दुसऱ्यांच्या मते त्याला शेवटी उतरवले तर ते पूर्वीइतकेच उपयोगी आहे. नव्या पॅचवरचे सामने अजून पुरेसे झालेले नाहीत, म्हणून दोन्ही मते त्यांच्या रिप्लेंसह शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि खूण काढलेली नाही. पुढच्या स्पर्धेची नोंदणी ५ मे रोजी उघडेल; तिच्या तिसऱ्या फेरीनंतर ती मार्गदर्शिका पुन्हा तपासायला घ्यायची आहे.